गोव्यातील घर-जमिनीसाठी गोव्याचाच वकील का हवा

मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांच्या घरी हा विषय कधी ना कधी निघतोच. आई-वडील थकलेले असतात किंवा गेलेले असतात, पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतले घर कुलूपबंद पडलेले असते. मग भावंडांपैकी कोणीतरी म्हणते, "दादरला माझ्या ओळखीचा वकील आहे, हुशार आहे, त्यालाच सांगू." दुसरीकडे पुण्या-नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबे गोव्यात फ्लॅट किंवा प्लॉट घेतात आणि दलाल सुचवेल त्या वकिलाकडून कागद तपासून मोकळी होतात. या दोन्ही वाटांनी लोकांचे पैसे, वर्षे आणि नाती गेली आहेत. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करू. भारतात वकिलाची सनद राज्यापुरती मर्यादित नसते. अॅडव्होकेट्स अॅक्ट 1961 च्या कलम 30 प्रमाणे राज्य बार कौन्सिलकडे नोंदलेला वकील देशभर काम करू शकतो. हे कलम कायद्याच्या पुस्तकात पन्नास वर्षे नुसते पडून होते, ते जून 2011 मध्ये अमलात आले. गोव्याला स्वतःची वेगळी बार कौन्सिलही नाही. महाराष्ट्र आणि गोवा यांची मिळून एकच आहे. त्यामुळे दादरचा वकील म्हापशाच्या कोर्टात उभा राहिला तर त्याला कोणी अडवणार नाही. काही राज्यांत मात्र बाहेरच्या वकिलावर बंधन असते. तिथल्या उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार त्याला स्थानिक यादीवरच्या वकिलासोबत वकालतनामा द्यावा लागतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा असा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये वैध ठरवला. खुद्द सर्वोच्च न्यायालयातही 'अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड' म्हणून तिथे खास नोंद असल्याशिवाय वकिलाला प्रकरण दाखल करता येत नाही.

म्हणजे गोव्याच्या बाबतीत अडचण सनदेची नाही. अडचण अशी की गोव्यात घर, लग्न आणि वारसा यांना लागू होणारा कायदा उर्वरित भारतापेक्षा निराळा आहे, आणि तो दादरच्या वकिलाला महाविद्यालयात बहुधा कोणी शिकवलेला नसतो.

पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर 1962 च्या प्रशासन कायद्याने, बदल किंवा रद्द होईपर्यंत जुने कायदे चालू ठेवले. पुढे एकेक भारतीय कायदा गोव्यात आला, पण हिंदू वारसा कायदा 1956 कधीच आला नाही. कुटुंब आणि वारसा यांचा पाया पोर्तुगीज संहितेचाच राहिला. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया (मृताच्या मालमत्तेची यादी करून न्यायालयामार्फत होणारी वाटणी) यांबद्दलचा गोव्याचा स्वतःचा कायदा 2012 चा, तो अमलात आला 2016 मध्ये. त्यातली तत्त्वेही बहुतांश जुन्याच संहितेची आहेत.

याचा परिणाम काय होतो हे एका घराच्या उदाहरणाने पाहू. समजा, वडील आणि आई दोघेही गोव्याचे, लग्न गोव्यात झाले आणि लग्नाआधी मालमत्तेचा कोणताही करार केलेला नव्हता. अशा वेळी गोव्याच्या कायद्याने दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेली, बहुतेक सगळी मालमत्ता यात येते. घर कागदावर एकट्या वडिलांच्या नावे असले तरी अर्धे आईचे असते, आणि ते वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, लग्नापासूनच.

आता वडील वारले. मागे आई आणि तीन विवाहित मुले: दोन मुलगे, एक मुलगी. आईचे अर्धे तिचेच राहते. वडिलांच्या अर्ध्याचे वारस तीन मुले, म्हणजे प्रत्येकाला संपूर्ण घराचा सहावा भाग. मुलगी आणि मुलगा यांत फरक नाही, आणि तो जुन्या संहितेतही नव्हता. एवढ्यावर हिशेब संपत नाही. तिन्ही मुलांची लग्नेही गोव्यातच, करार न करता झाली असतील, तर त्यांना वारशाने मिळालेला हिस्साही त्यांच्या जोडीदारांसोबत निम्मा-निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक सुनेचा आणि जावयाचा बारावा भाग. घर विकायचे तर आई, तीन मुले आणि त्यांचे तीन जोडीदार अशा सात जणांच्या सह्या लागतात.

हाच हिशेब हिंदू वारसा कायद्याने केला, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई आणि तीन मुले यांना प्रत्येकी चौथा भाग मिळतो. सुना-जावयांचे नावही येत नाही. दादरच्या वकिलाने चार सह्यांचे खरेदीखत तयार केले, तर त्याच्या दृष्टीने ते बिनचूक असेल. गोव्यात मात्र ते अपुरे ठरते. दहा वर्षांनी एखादी सून म्हणू शकते की माझा बारावा भाग मी कधी विकलाच नव्हता, आणि तिचे म्हणणे खरे असेल. खरेदीदाराने सगळे पैसे मोजलेले असतात, घर दुरुस्त केलेले असते, आणि हिश्शाचा वाद मात्र उभा राहतो. गोव्यात खरेदीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असाव्यात असा आग्रह धरला जातो तो याचसाठी. बायकोला मालमत्तेत इतके भक्कम स्थान देणारी ही तरतूद मला गोव्याच्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कागद करणाऱ्याला ती ठाऊकच नसेल, तर तिचा उपयोग शून्य.

भावंडांपैकी एकाने मुंबईच्या मुलीशी लग्न केले असेल आणि लग्न मुंबईत नोंदवले असेल, तर गणित आणखी गुंतते. लग्न कुठे नोंदले, त्या वेळी कोणाचे कायमचे वास्तव्य कुठे होते, हे तपासल्याशिवाय हिस्सा सांगता येत नाही. चांगला गोमंतकीय वकील पहिल्याच बैठकीत लग्नाचे दाखले मागतो. तुमच्या वकिलाने ते मागितलेच नाहीत, तर तिथेच सावध व्हा.

मृत्युपत्राचीही तीच कथा. मुंबईत वडील कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन स्वतःची सगळी मिळकत हवी त्याला देऊ शकतात. गोव्यात मुले असलेल्या माणसाला आपल्या हिश्शाचा फक्त अर्धा भाग इच्छेप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा कायद्याने वारसांसाठी राखून ठेवलेला असतो. विवाहित माणसाचा स्वतःचा हिस्सा मुळात निम्मा, त्याचा निम्मा म्हणजे संपूर्ण मालमत्तेचा चौथा भाग. "बाबांनी सगळे घर दादाच्या नावे लिहिले" हे वाक्य कितीतरी घरांत भांडणाचे मूळ असते, आणि बहुतेक वेळा बाबांना ते सगळे लिहिण्याचा अधिकारच नव्हता. शिवाय गोव्याच्या पद्धतीत मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे करतात. त्या कामासाठी तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे जावे लागते, रस्त्याकडेच्या नोटरीकडे जाऊन चालत नाही.

कायमचे मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असा प्रश्न आला होता की, गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मुंबईत मालमत्ता असेल, तर तिच्या वारशाला कोणता कायदा लागायचा? न्यायालयाने उत्तर दिले: गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज संहिता. म्हणजे गोव्याचा कायदा गोव्याच्या हद्दीवर थांबत नाही. अधिवास गोव्यात असेल, तर मुंबईतल्या फ्लॅटच्या वाटणीसाठीही गोव्याचा कायदा जाणणारा सल्लागार लागतो.

आता वारस ठरवायचे कसे? महाराष्ट्रात वारसा प्रमाणपत्र किंवा प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर) यांची भाषा चालते. गोव्यात सगळे एकमताने असतील, तर विशेष नोटरीपुढे वारसनोंदीचा दस्त होतो. त्याची नोटीस राज्याच्या राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत छापली जाते, म्हणजे कोणाची हरकत असेल तर ती पुढे यावी. एखाद्या वारसाला आपला हिस्सा सोडून द्यायचा असेल, तर हक्कसोड दस्तही तिथेच होतो. वाटणी करायची, पण ती जमत नाही अशी वेळ आली, की दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी दाखल करावी लागते. कुटुंबातला एक जण प्रशासक नेमला जातो. तो शपथेवर सर्व मालमत्तेची यादी देतो, मग वारसांमध्ये बोली लागते. घर हवे असलेला वारस जास्तीत जास्त बोली लावून घर घेतो आणि इतरांना त्यांच्या हिश्शाचे पैसे देतो. घर एकाच कुटुंबाच्या हातात ठेवण्याची ही सुंदर सोय आहे. पण यादीत एखादे शेत राहून गेले, एखाद्या वारसाला नोटीस पोचली नाही, की सारी प्रक्रिया पुन्हा उघडू शकते. तिची अंगवळणी पडलेली माहिती गोव्याच्या कोर्टांतच मिळते.

कागद

कागदपत्रांचा भाग सर्वांत किचकट. लोक यातच जास्त फसतात, म्हणून थोडा वेळ घेतो.

महाराष्ट्रात जसा सात-बारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. तो इंटरनेटवरही पाहता येतो. त्यात भोगवटादाराचे नाव, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना असतो. मुक्तीनंतर झालेल्या सर्वेक्षणातून तो तयार झाला. त्यातल्या नोंदी खऱ्या आहेत असे कायदा धरून चालतो, पण फक्त उलट पुरावा येईपर्यंत. एक-चौदावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. कितीतरी ठिकाणी सर्वेक्षणाच्या वेळी जो तिथे राहात होता त्याचेच नाव चढले, आणि खरा मालक लिस्बनला, मुंबईला किंवा आखातात होता.

मालकीचा खरा धागा त्याआधीच्या पोर्तुगीज नोंदींत असतो. जमिनीच्या वर्णनाची एक नोंद, ती कोणाच्या नावे लागली याची दुसरी, आणि महसूल खात्यातली 'मॅट्रिझ', म्हणजे करासाठीची नोंद, ही तिसरी. जुन्या खरेदीखतात लिहिलेले असते की ही मालमत्ता अमुक क्रमांकाखाली, बी मालिकेच्या अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर नोंदली आहे. हे सगळे हस्तलिखित पोर्तुगीजमध्ये. चतुःसीमाही 'पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला अमक्याचे भाट (बागायत)' अशा. ते भाट आज तीन नावांत विभागलेले आणि ओहोळावर रस्ता झालेला. ही जुनी जमीन आजच्या सर्वे नंबरवर नेमकी कुठे बसते हे जुळवणे हेच शीर्षक-तपासणीचे, म्हणजे मालकी हक्क (टायटल) तपासण्याचे, मुख्य काम. त्यासाठी पोर्तुगीज वाचता येणारा किंवा भरवशाचा भाषांतरकार असलेला वकील लागतो. पुराभिलेख खात्यात कोणत्या गावाचे दप्तर कुठे सापडते हे त्याला ठाऊक असते.

ही भीती काल्पनिक नाही. जून 2022 मध्ये गोवा सरकारने जमीन बळकाव प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसवला. तक्रारी अशा होत्या की मृत किंवा परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी जुन्या पोर्तुगीज काळातील बनावट कागदांवर परस्पर विकल्या गेल्या. जुना कागद पाहून गहिवरून जाऊ नका. तो मूळ पुस्तकाशी ताडून पाहणारा माणूस हवा.

मालकाचा धागा जुळला तरी जमीन मोकळी असते असे नाही. भाटात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर असू शकते, आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला कायद्यातल्या कारणांशिवाय तिथून काढता येत नाही. उलट आपले घर आणि लगतची ठरावीक जागा विकत घेण्याचा त्याला अधिकार आहे. शेतजमिनीवर कूळ असू शकते. 1964 च्या कूळ कायद्यातील दुरुस्तीने 20 एप्रिल 1976 पासून कसणारा कूळ मालक मानला गेला. भाटकाराचा (जमीनमालकाचा) मुलगा आज ते शेत विकायला निघाला, तर विकण्यासारखे त्याच्याकडे कदाचित काही उरलेलेही नसेल. ही प्रकरणे मामलेदारापुढे चालतात, नेहमीच्या दिवाणी कोर्टात नव्हे, आणि मुंबईचा वकील दावा चुकीच्या दारात लावून दोन वर्षे घालवू शकतो. मुंडकार आणि कूळ यांचे हक्क गोव्यातल्या गरीब माणसाने मोठ्या लढ्याने मिळवलेले आहेत. खरेदीदाराने त्यांना 'अडथळा' समजून चालू नये. ते त्या जमिनीचे मालकच असू शकतात.

कोमुनिदादची जमीन हा आणखी वेगळा प्रकार. गावकऱ्यांच्या या जुन्या संस्थांची जमीन एप्रिल 1961 च्या कोमुनिदाद संहितेने चालते आणि खासगी जमिनीसारखी विकता येत नाही. सत्तरीत मोकासो आणि अल्वारा, म्हणजे जुन्या राजवटीत दिल्या गेलेल्या, जमिनींचे प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. हे शब्द माहीत नसलेल्या वकिलाकडून सत्तरीतला प्लॉट तपासून घेऊ नये, इतके साधे आहे.

भूवापराचे नियमही सतत बदलतात. 2023 च्या कायद्याने भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर बंधन आले. बांधकामासाठी रूपांतराची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, लागते. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, सावंत आणि कारापूरकर समित्यांनी ती खासगी वन म्हणून ओळखली होती का, किनारी नियमनाच्या पट्ट्यात ती येते का, हे सगळे पाहावे लागते. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली झालेल्या झोन-बदलांच्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्दबातल ठरवले. "झोन बदलून मिळालेला आहे" असे दलालाने सांगितले, तर तो कोणत्या कलमाखाली, कधी आणि आज तो टिकतो का, हे पर्वरीच्या उच्च न्यायालयात काय चालले आहे यावर लक्ष असलेला वकीलच सांगू शकेल.

वकील कोणाचा?

गोव्याचा वकील हवा हे मान्य केले तरी तो तुमचाच हवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार, ज्याने एका पक्षाला त्याच प्रकरणात सल्ला दिला आहे, त्याने दुसऱ्या पक्षासाठी काम करू नये. बिल्डरने फुकट देऊ केलेला शीर्षक अहवाल बिल्डरच्या वकिलाचा असतो. तो वाचा जरूर, पण त्यावर पैसे देऊ नका. दलालाने आणलेला वकील दलालाच्या पुढच्या व्यवहारावर अवलंबून असतो, याचाही विचार करा.

तपासणी सोपी आहे. सनद क्रमांक मागा. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा क्रमांक 'एमएएच' या अक्षरांनी सुरू होतो, नंतर आकडा आणि वर्ष. तो कौन्सिलकडे पडताळता येतो. सनद नसताना वकिली करणे हा कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे 'गोव्यात हमखास क्लिअर टायटल' अशी मोठमोठी फलके लावणाऱ्यापासून लांब राहा. फी व्यवहाराच्या किंवा निकालाच्या टक्केवारीत ठरवणेही नियमाला धरून नाही. काम कोणते, किती टप्प्यांत आणि किती रुपये, हे लेखी घ्या.

आणि थेट विचारा: या तालुक्यात तुम्ही शेवटची इन्व्हेंटरी केव्हा चालवली? पोर्तुगीज नोंदी कोण वाचतो? एक-चौदापलीकडे किती मागे जाऊन तपासणार? काम करणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. तपासणी संपल्यावर त्याचा अहवाल त्याच्या सहीसह लेखी मागा, आणि त्यात कोणते कागद पाहिले आणि कोणते मिळाले नाहीत हे दोन्ही लिहायला सांगा. "सगळे ठीक आहे हो" हे तोंडी आश्वासन कोणत्याही कोर्टात दाखवता येत नाही.

परगावी असलेल्यांनी कुलमुखत्यारपत्र देताना विशेष जपावे. ते एखाद्या नातेवाईकाला द्यायचे असेल, तर नेमक्या त्याच कामापुरते द्या. विक्रीचा अधिकार लागणार नसेल तर तो लिहू नका.

पैशांची अडचण असेल तर गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर स्वतःच्या अर्ध्या हिश्शासाठी भांडणाऱ्या बाईने हे आधी लक्षात ठेवावे. "वकिलाला द्यायला पैसे नाहीत" म्हणून तिने भावकीने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याची काहीच गरज नाही.

नेमलेला वकील काम करत नसेल, तर तो बदलता येतो. गैरवर्तन असेल तर कलम 35 खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच स्पष्ट केले आहे. फीचा वाद वेगळा चालेल, कागद मात्र तुमचे आहेत. तरीही मूळ दस्त वकिलाकडे देताना प्रत्येकाची पोच घ्या, आणि जुन्या पोर्तुगीज खताची, पानांच्या कडांवरच्या शिक्क्यांसकट, एक स्पष्ट छायाप्रत घरी ठेवा.